सुरीवर निबंध मोफत

डॉन फुलगेन्सियो आर्तेचे यांना देशाची काळजी वाटायची. महिन्यातून एकदा, अग्रलेख द्यायची वेळ आली की वाटायची, आणि मग मजकूर छापखान्यात गेला की उतरायची. एरवी माणूस सुखी होता. दुपारी दोनला जेवायला जायचे, पाचला परत यायचे, आणि येताना कॅफेतल्या मित्रांची मतं आपली म्हणून घेऊन यायचे.

ते 'तोर्रे इ तिएम्पो'चे संपादक. मनोरा आणि काळ. नावाइतकंच जड मासिक. मी विसितासिओन, सगळे मला विसी म्हणतात. मी तिथे मुद्रितं तपासायची, लेखकांना आठवण करून द्यायची, आणि डॉन फुलगेन्सियोंच्या वाक्याला क्रियापद शोधून द्यायची. त्यांची वाक्यं एवढी लांब असायची की क्रियापद वाटेत कुठेतरी राहून जायचं.

हुकूमशाहीच्या काळात या मासिकाला खरा भाव होता म्हणे. सरकारी तपासनीस लेखावर लाल पेन्सिल चालवायचा आणि वाचक उरलेल्या ओळींच्या मधल्या जागेत अर्थ शोधत बसायचे. 'यंदा हिवाळा लांबला' एवढं छापलं तरी माद्रिदच्या कॅफेंत लोक एकमेकांना डोळा मारायचे. मग म्हातारा जनरल मेला, वाटेल ते छापायची मुभा मिळाली, आणि लोकांनी आधी उघड्या बायकांची मासिकं घेतली, मग सरदारघराण्यांच्या लग्नांची, मग त्यांच्याच घटस्फोटांची. हिवाळा लांबला की नाही, हे ज्याचं त्याला खिडकीतून दिसायला लागलं. आमचं मासिक उरलं वाचनालयांपुरतं, आणि आमच्याच लेखकांच्या आयांपुरतं.

युरो येऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा बाल्बिनो रिपोयेस नावाच्या माणसाने आम्हाला विकत घेतलं. हा कास्तेयोनचा, फरशांचा कारखानदार. त्याच्याकडे आधीच डझनभर मासिकं होती: शिकारीचं, विणकामाचं, मोटरसायकलींचं, नवरीच्या पोशाखांचं, वजन उतरवण्याचं, आणि वजन वाढवणाऱ्या केकांचं. गाणारे कॅनरी पक्षी पाळणाऱ्यांसाठी 'एल त्रिनो' नावाचंही एक होतं. आम्हाला त्याने का घेतलं, तर त्याच्या बायकोला दिवाणखान्यात ठेवायला काहीतरी गंभीर हवं होतं.

आल्या आल्या त्याने एक केलं. सगळ्या मासिकांचा आकार एक, कागद एक, अक्षर एक, पानांची मांडणी एक.

"फरशी बारा प्रकारची असली तरी साचा एकच लागतो," तो म्हणाला. "वरचं फूल तेवढं बदलायचं."

डॉन फुलगेन्सियो म्हणाले, "आमच्या मासिकाला एक चेहरा आहे."

"असू दे की. फक्त माप सांगा."

त्या वर्षी नोव्हेंबरात बाल्बिनो एक लांबट खोका घेऊन आला. तो टेबलावर उघडला. आत सुरी होती. अल्बासेते या सुऱ्यांच्या गावची, अस्सल, लवचिक पात्याची, नाताळात घरोघरी हामोनची, म्हणजे डुकराची, अख्खी वाळवलेली मांडी येते तिचे पातळ काप काढायची. मूठ काळी, पात्यावर मनोऱ्याचं चित्र कोरलेलं.

"डिसेंबरच्या अंकाबरोबर मोफत," बाल्बिनो म्हणाला.

डॉन फुलगेन्सियोंचा चेहरा कोणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. "सेन्योर रिपोयेस, डिसेंबरच्या अंकात माझा 'थकलेला देश' हा निबंध आहे. त्याच्यावर मी दोन वर्षं घालवली आहेत."

"मग? देश थकलाय, त्याला दोन काप खायला घाला."

"हे विचारवंतांचं मासिक आहे!"

"विचारवंत हामोन दाताने तोडतात का हो?"

बराच वाद झाला. शेवटी डॉन फुलगेन्सियोंनी तत्त्वासाठी एक अट घातली: मुखपृष्ठावर सुरीचा उल्लेख नको. बाल्बिनोने लगेच मान्य केली. सुरीचा खोका मासिकापेक्षा लांब होता. पारदर्शक वेष्टनात दोन्ही घातल्यावर मुखपृष्ठ दिसतच नव्हतं.

अंक निघाला आणि तुटून पडले लोक. नेहमीच्या तीसपट प्रती छापल्या होत्या, तरी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा छापाव्या लागल्या. आम्हा कार्यालयातल्यांना एकही प्रत मिळाली नाही. सगळ्या थेट बाजारात गेल्या.

मी ब्राव्हो मुरियो रस्त्यावरच्या ओनोरातोच्या टपरीवर गेले. वर्तमानपत्रं, मासिकं, लॉटरीची तिकिटं, पंखे, बाहुल्यांच्या घरांचे सुटे भाग, सगळ्याच्या मधोमध त्याचं टक्कल. एक बाई पैसे देत होती. तिने तिथेच वेष्टन फाडलं, खोका पिशवीत टाकला आणि मासिक गल्ल्याजवळ ठेवलं.

"हे राहिलं, सेन्योरा," ओनोरातो म्हणाला.

"ठेवा तुम्हालाच. घरात आधीच कागद फार झालाय."

ती गेल्यावर ओनोरातोने पायाने खाली दाखवलं. 'तोर्रे इ तिएम्पो'ची चळत त्याच्या गुडघ्यापर्यंत आली होती. तिच्यावर त्याने शेगडी ठेवली होती.

"चांगला कागद आहे तुमचा," तो म्हणाला. "हलत नाही."

कार्यालयात मात्र डॉन फुलगेन्सियो खिडकीपाशी उभे होते, हात पाठीमागे. "विसी, तुम्हाला कळतंय का काय झालंय? या देशाला कुणीतरी आरसा दाखवायला हवा होता. लोक भुकेले होते."

"हो," मी म्हटलं. "भूक तर होतीच."

"तो फरशीवाला म्हणेल सुरीमुळे. म्हणू दे. साठ पानांचा निबंध कोणी सुरीसाठी घेतो का?"

ते मुलाखती द्यायला लागले. आधी रेडिओवर, मग टीव्हीवर सकाळच्या कार्यक्रमात, पायांची सूज आणि मसुराची आमटी यांच्या मधे. मुलाखत घेणारी मुलगी म्हणाली, "तुमचा निबंध सगळा देश वाचतोय." त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

आणि मग तो फोन आला.

"मी ओब्दुलिया सांचीस बोलतेय, अल्बासेतेहून," पलीकडून एका बाईंचा खणखणीत आवाज आला. "'एल त्रिनो'त गेली बावीस वर्षं मी लिहिते. पिसं, चोच, पचन. तू कोण?"

"मी विसी. इथे मुद्रितं तपासते."

"तपासतेस? मग शाबास तुझी. आमच्या डिसेंबरच्या 'त्रिनो'त माझा पीसगळीवरचा लेख यायचा होता. अंक उघडते तर सोळा पानं कुणीतरी रडतोय, देश असा आणि देश तसा. माझ्या लेखाचा पत्ता नाही. वर्गणीदारांनी माझं डोकं खाल्लं! अल्मान्साचा एक न्हावी तर गाडी घेऊन दारात आला. म्हणाला, 'बाई, माझा नर टकला होत चाललाय आणि तुम्ही मला साम्राज्याचा ऱ्हास सांगताय?'"

"अरेरे," मी म्हटलं.

"थांब, पुढे ऐक. काल मी नाताळसाठी तुमची सुरी घेतली. मासिक फेकणार होते. पण माझा पिंजऱ्याच्या तळाला घालायचा कागद संपला होता. पान उलगडते तर माझा लेख! तुमच्यात! देशाच्या रडण्याच्या बरोबर मधोमध!"

मी तडक खाली धावले, ओनोरातोकडून एक प्रत आणली आणि उघडली. खरंच होतं. निबंधाच्या मधला सोळा पानांचा एक फर्मा कॅनरीचा होता. छापखान्यात घाईगर्दीत दोन मासिकांच्या प्लेटा अदलाबदल झाल्या होत्या. आकार एक, अक्षर एक, पानांचे आकडेसुद्धा जुळलेले. डावीकडच्या पानावर देश थकून बसायचा आणि उजवीकडच्या पानावर त्याची पिसं गळायची.

मी प्रत घेऊन बाल्बिनोकडे गेले. त्याने चष्मा लावून दोन्ही पानं पाहिली.

"'त्रिनो'वाल्यांनी तक्रार केली?"

"सगळ्यांनी. फोन थांबत नाहीत म्हणे."

"आणि 'तोर्रे'च्या वाचकांनी?"

"एकानेही नाही."

बाल्बिनो बराच वेळ हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "आता नीट ऐक. एका बचत बँकेच्या प्रतिष्ठानाने यंदाच्या उत्कृष्ट निबंधाचं पारितोषिक आपल्या म्हाताऱ्याला द्यायचं ठरवलंय. कालच कळलं. तू मिठाची गुळणी धर."

"परीक्षकांनी वाचला असेल की."

"पाचही परीक्षकांकडे मी स्वतः अंक पाठवलाय. सुरीसकट. तिघांचे आभाराचे फोन आले. पात्याला धार उत्तम आहे म्हणाले."

तरी मी डॉन फुलगेन्सियोंना सांगायला गेले. ते आरशापुढे भाषणाचा सराव करत होते.

"डॉन फुलगेन्सियो, निबंधाच्या मधल्या पानांत एक घोटाळा..."

"मधली पानं अवघड आहेत, मान्य आहे. काय करणार, विचारच अवघड आहे."

"तसं नाही. छापताना..."

"विसी, छापलेलं मी पाहत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. समोरच्या पानावरच्या जाहिराती बघवत नाहीत. जा आता."

मी गेले.

जानेवारीच्या शेवटी समारंभ झाला. संगमरवरी सभागृह, लाल गालिचा, पुढच्या रांगेत दोन माजी मंत्री, एक बिशप, आणि जिथे खायला मिळतं तिथे हटकून दिसणारे चाळीस-पन्नास विचारवंत. प्रतिष्ठानाने निबंधातला उतारा वाचायला एक नाटकातला नट बोलावला होता. घोगऱ्या आवाजाचा, पांढऱ्या केसांचा. कोणता उतारा वाचायचा हे प्रतिष्ठानाच्या सचिवाने ठरवलं होतं, म्हणजे त्याने मासिक टेबलावर ठेवलं आणि ते मधोमध उघडलं.

नट उभा राहिला. दिवे मंद झाले. 

"जुलै संपत येतो," त्याने सुरुवात केली, "आणि पहिली पिसं गळतात. नवख्याला वाटतं, संपलं सगळं. संपलेलं नसतं."

पुढच्या रांगेतले सावरून बसले.

"जो गप्प झाला आहे, त्याला गायला लावू नका. त्याला आरशासमोर ठेवू नका. शेजाऱ्याच्या पिंजऱ्याजवळ ठेवू नका, तो स्वतःची पिसं उपटू लागेल. उत्तरेकडच्या झोतापासून जपा."

"ब्रसेल्स, युरोपवाले," माझ्या पुढच्या रांगेतला एक माजी मंत्री दुसऱ्याच्या कानात म्हणाला.

"खाली पडलेली पिसं कोणी पुन्हा चिकटवू नयेत. रोज थोडं उकडलेलं अंडं द्यावं. ताजं द्यावं. शिळ्या अंड्याने आजवर जितके दगावले, तितके मांजराने दगावले नाहीत."

"अंडं म्हणजे शिक्षण का?" पहिल्याने विचारलं.

"राज्यघटना," दुसरा म्हणाला. "शिळं म्हटलंय ना. धाडसी माणूस आहे."

नटाने पान उलटलं, श्वास घेतला आणि आवाज खाली आणला. "आणि यातूनही तो गायला नाही, तर ओरडू नका. वर फडकं घाला. काळोख होऊ द्या. वाट पाहा."

 मग सगळं सभागृह उठून उभं राहिलं. बिशप डोळे पुसत होते.

मी डॉन फुलगेन्सियोंकडे पाहत होते. पहिल्या वाक्याला त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटून घेतले होते. 'पिसं' ऐकताच ते उघडले. 'अंड्या'पाशी ते पांढरेफटक पडले.  मला खरंच त्यांची दया आली. वाटलं, आता उठतील आणि म्हणतील, हे माझं नाही.

ते उठले. टाळ्यांचा कडकडाट चालूच होता. त्यांनी लोकांकडे पाहिलं, नटाकडे पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि वाकले.

"हा उतारा," ते म्हणाले, "माझ्या हातून कसा लिहिला गेला, हे मलाच ठाऊक नाही."

त्या संध्याकाळचं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन वर्तमानपत्रांनी तो उतारा चौकटीत छापला. तिसऱ्या दिवशी ओब्दुलियाबाई माद्रिदला आल्या. ठेंगण्या, रुंद, अंगात फरचा कोट, हातात एक झाकलेला पिंजरा. पक्षी जनावरांच्या डॉक्टरला दाखवायचा होता म्हणे, एका फेरीत दोन कामं. सरळ डॉन फुलगेन्सियोंच्या खोलीत शिरल्या आणि पिंजरा त्यांच्या कागदांवर ठेवला.

"तुम्हीच का ते अंडेवाले?"

"सेन्योरा, मी समजावतो..."

"मी समजावते. 'शिळ्या अंड्याने जितके दगावले तितके मांजराने दगावले नाहीत' हे वाक्य माझं. एकोणीस पक्षी पुरून लिहिलंय ते. तुम्ही काय पुरलंत?"

डॉन फुलगेन्सियो घसा साफ करत म्हणाले, "पुढच्या अंकात तळटीप देता येईल. छोट्या अक्षरात."

"तळटीप? अहो, माझा 'त्रिनो'त पान पाचवर फोटो असतो, रंगीत! तुमच्या या मासिकात माझं नाव आलं तर तिकडे लोक विचारतील, ओब्दुलियाला एवढे वाईट दिवस आले का?"

"मग तुम्हाला हवंय तरी काय?"

"माझा लेख आम्ही 'त्रिनो'त पुन्हा छापणार. वर लिहिणार, राष्ट्रीय पारितोषिक विजेता लेख. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

दाराशी उभा असलेला बाल्बिनो टाळ्या पिटत म्हणाला, "छापा! मुखपृष्ठावर छापा! बरोबर अंड्याचा चमचा देऊ मोफत!"

"चमचाबिमचा काही नको," ओब्दुलियाबाई म्हणाल्या. "आमचे लोक वाचायला घेतात."

त्या गेल्यावर डॉन फुलगेन्सियो कागदांवर सांडलेले दाणे झटकत बसले. मला वाटलं, आता तरी डोक्यात उजेड पडला असेल. ते म्हणाले, "विसी, एक लक्षात येतंय का? त्या बाईचं लिखाण एरवी कोणी ऐकून तरी घेतलं असतं का? त्याच्याआधी माझी बावीस पानं होती. लोकांचं मन मी तयार केलं, म्हणून पक्ष्याचं सोनं झालं."

"समारंभात तुमची बावीस पानं कोणी वाचली नाहीत, डॉन फुलगेन्सियो. नटाने मधूनच सुरू केलं."

"तो हवेतला परिणाम असतो," ते म्हणाले.

आणि त्यांनी हट्ट धरला. मार्चच्या अंकात निबंधाची हरवलेली सोळा पानं छापायची, बरोबर काही म्हणजे काही मोफत द्यायचं नाही, आणि प्रती डिसेंबरइतक्याच काढायच्या. लोक कशासाठी येतात ते एकदा दिसू दे. बाल्बिनोने आश्चर्य म्हणजे लगेच होकार दिला. नंतर कळलं, त्याच्या बायकोने दिवाणखाना बदलला होता आणि नव्या टेबलावर काचेचा घोडा आला होता. आमची गरज संपली होती.

मार्चचा अंक निघाला. ओनोरातो म्हणाला, पहिल्या दिवशी बऱ्याच बायका आल्या, अंक उलटापालटा करून पाहिला, झटकला आणि विचारलं, "यातलं काही पडलं वाटतं वाटेत?" न खपलेल्या प्रती ट्रकांनी परत आल्या. गोदामात जागा नव्हती, म्हणून काही आमच्या जिन्यात रचल्या. डॉन फुलगेन्सियो रोज त्यांच्यामधून आडवे होऊन वर यायचे आणि म्हणायचे, "वितरणाने घात केला."

उन्हाळ्याच्या आधी मासिक बंद झालं. निरोपाच्या अग्रलेखात त्यांनी लिहिलं की देश आता इतका थकला आहे की त्याला स्वतःचा थकवाही वाचवत नाही. क्रियापद मी घातलं.

मला बाल्बिनोने 'एल त्रिनो'त पाठवलं. डॉन फुलगेन्सियोंचं मात्र काही बिघडलं नाही. गावोगावच्या मंडळांकडून त्यांना व्याख्यानांची बोलावणी येत होती. विषय त्यांनी काहीही सुचवला, तरी उलट निरोप एकच: ते पिसांचं म्हणा. आणि ते म्हणायचे. पाठ केलं होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं त्या नटासारखं.

पुढच्या शरदात ते अल्बासेतेला आले. मंडळाच्या लोकांनी उत्साहाने कॅनरी संघालाही निमंत्रण धाडलं होतं. 'त्रिनो'तर्फे मी ओब्दुलियाबाईंच्या शेजारी पुढच्या रांगेत बसले होते. व्याख्यान संपलं, टाळ्या झाल्या, आणि एक लालबुंद चेहऱ्याचा माणूस हात वर करून उभा राहिला. अल्मान्साचा न्हावी.

"प्रोफेसर, माझा नर सप्टेंबरपासून गात नाही. फडकं घातलं, अंडं दिलं. आता?"

डॉन फुलगेन्सियो मंद हसले. "मित्रा, आपण सगळेच त्या नरासारखे नाही का?"

"मी नाही," न्हावी म्हणाला. "त्याला जुलाबही होतायत."

हशा पिकला. ओब्दुलियाबाई जागेवरूनच ओरडल्या, "अंडं आठ दिवस बंद! भाताची पेज दे! आणि पाण्याचं भांडं घास, मेल्या, किती वेळा सांगू?" न्हाव्याने टिपून घेतलं. मग सगळी सभा त्यांच्याकडे वळली, प्रश्नांवर प्रश्न, आणि डॉन फुलगेन्सियो व्यासपीठावर पाण्याचा पेला हातात धरून उभेच राहिले.

जेवायला आम्ही तिघं एका खाणावळीत गेलो. सशाचं मटण घालून केलेला, तिथला गास्पाचो नावाचा दाट रस्सा आला. डॉन फुलगेन्सियो चमच्याने तो नुसता ढवळत होते. ओब्दुलियाबाईंनी आपली ताटली पावाने पुसली आणि म्हणाल्या, "तुमचा तो मार्चचा अंक मी वाचला बरं का. हरवलेली पानं. राहिलेला निबंधही वाचला."

डॉन फुलगेन्सियोंचा चमचा थांबला. "तुम्ही? सगळा?"

"सगळा. गुडघा दुखत होता, बाहेर जाता येत नव्हतं."

"आणि... कसा वाटला?"

मी वीस वर्षं त्या माणसाला ओळखत होते. एवढा बारीक आवाज त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"वाईट नाही," ओब्दुलियाबाई विचार करून म्हणाल्या. "लांब आहे. पण तुमच्या वडिलांच्या दुकानाचं जे आहे ना, ते गिऱ्हाईक येत नसतानाही रोज सकाळी फळी उघडायचे ते, तिथे मी थांबले. ते तुम्ही पाहिलेलं आहे. बाकीचं ऐकलेलं आहे."

डॉन फुलगेन्सियोंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलंही नाही. मलाही आठवलं ते दुकान. सोळा पानांतल्या चारच ओळी होत्या, आणि त्या कापा असं त्यांनीच मला दोनदा सांगितलं होतं.

"फक्त एक," ओब्दुलियाबाई म्हणाल्या. "त्याच्या पुढच्या पानावर एक अख्खं वाक्य दोनदा आलंय. लागोपाठ."

डॉन फुलगेन्सियोंनी डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"ती मुद्रितशोधनाची चूक," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. "काय करणार, सेन्योरा? माणसं मन लावून काम करत नाहीत हल्ली."

ओब्दुलियाबाई हसू दाबत माझ्याकडे बघत होत्या. ते वाक्य डॉन फुलगेन्सियोंनी शेवटच्या मुद्रितावर स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा घातलं होतं. एकदा वाचून लोकांच्या मनात ठसणार नाही म्हणाले होते. मी बाटली उचलली आणि तिघांचे पेले भरले.